नेट गेलं की धावणारा डायनासोर

मी शाळेत संगणक शिकवते. वर्गात नेट गेलं की मुलांची बोटं थेट स्पेसबारवर जातात आणि क्रोमच्या पडद्यावरचा करडा टी-रेक्स धावू लागतो. निवडुंग आला की उडी मारायची, उडता टेरोडॅक्टिल आला की खाली वाकायचं. खेळ एवढाच!

गूगलच्या सेबास्तियन गॅब्रिएल, ॲलन बेटिस आणि एडवर्ड जंग यांनी तो २०१४ मध्ये आणला. इंटरनेट नसणं म्हणजे डायनासोरच्या काळात जाणं, ही त्यामागची कल्पना. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं, की तो महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जातो. डेटा महाग किंवा बेभरवशाचा असलेल्या भारत, ब्राझीलसारख्या देशांत तो जास्त खेळला गेला.

प्रोग्रामिंग शिकवायला मला हाच खेळ आवडतो. डायनासोर जवळपास जागीच असतो. मागे सरकते ती जमीन. वेग हळूहळू वाढतो, अडथळे यादृच्छिक येतात आणि दोन अदृश्य चौकटी एकमेकींना भिडल्या की खेळ संपतो. चल, अट, पुनरावृत्ती हे सगळे धडे इथे डोळ्यांसमोर घडतात. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. शिक्षकांनो, मुलांना तो जरूर उघडून दाखवा.