पद्मिनीच्या ब्रेकमधील रबरी वाटी
मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबल्यामुळे तिचे मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले असून, ते घरी बसवणाऱ्याची खरी कसोटी व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे द्रवाच्या दाबाने ब्रेकशू ड्रमवर रेटणाऱ्या नळकांड्यात, लागते. यातील रबरी वाटी पाकिटात पडून राहिली तरी कालांतराने कडक होते. म्हणून जुन्या साठ्यातील अस्सल वाटीपेक्षा सिलिंडरच्या आतील व्यासाशी जुळणारी ताजी वाटी अधिक भरवशाची. बसवताना तिला ब्रेक ऑइलच लावावे, कारण इंजिन ऑइलने किंवा साध्या ग्रीसने हे रबर फुगते, पिस्टन अडकतो आणि ब्रेक सुटत नाही. त्यानंतर साहाय्यकाकडून पेडल दाबवून सिलिंडरवरील निपलवाटे नळीत शिरलेली हवा काढावी लागते. ती राहिल्यास पेडल खोल जाऊनही ब्रेक पुरेसा लागत नाही.