चंद्रभागेच्या वाळवंटी लेकरांसह

ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान झाले की महाराष्ट्रातील घराघरांत पंढरीचे वेध लागतात. ज्यांना पायी वारी शक्य नसते ते एकादशीपूर्वी एस.टी.ने, रेल्वेने वा स्वतःच्या वाहनाने येतात, आणि त्यांच्याबरोबर कडेवरची, बोट धरून चालणारी लेकरेही येतात. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते, तेव्हा माताभगिनी एक प्रश्न हटकून विचारतात : 'बुवा, मुलांना चंद्रभागेचे स्नान घडवावे ना?' प्रश्न श्रद्धेचा आहे. पण त्यात एका जिवाच्या सुरक्षिततेचाही विचार गुंतलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर शास्त्र आणि व्यवहार या दोन्ही अंगांनी द्यावयास हवे.

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' या धातूपासून सिद्ध झाला आहे. तरून जाणे, पार होणे, हा त्या धातूचा अर्थ. जेथून नदी ओलांडता येते, जेथे पाण्यात निर्धास्तपणे उतरता येते, ती जागा म्हणजे तीर्थ. आपण मराठीत ज्याला नदीचा 'उतार' म्हणतो तोच तीर्थाचा मूळ अर्थ होय. 'अवतार' शब्दही याच धातूचा. भगवंत भक्तासाठी खाली उतरतो आणि भक्त पाण्यात उतरतो. पण जेथे पाय ठरत नाही, तळ कळत नाही, तेथे शब्दाच्या अर्थानेच तीर्थ उरत नाही. मोठ्या माणसाला जो उतार, तो तीन वर्षांच्या बालकाला डोह असू शकतो, हे विसरता कामा नये.

आता या नदीची प्रकृती पाहू. भीमाशंकरी उगम पावलेली ही भीमा. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगाष्टकात तिला भीमरथी म्हटले आहे. पंढरपुरात तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून येथे ती चंद्रभागा. पंढरपूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. आषाढातही पुष्कळदा येथे कोरडे ऊन असते. परंतु पाऊस सह्याद्रीवर पडत असतो. भीमेवरील उजनी धरण आणि नीरा नदीवरील वीर धरण यांतून सोडलेले पाणी नीरा-नरसिंहपूरच्या संगमाखाली एकत्र होऊन पंढरीस येते. त्यामुळे डोक्यावर ढग नसतानाही नदी वाढू शकते. सकाळी जेथे मुले वाळूत खेळली, तेथे सायंकाळी पाणी असणे हे येथे नवल नाही. पात्रातील भक्त पुंडलिकाचे मंदिर पुरात वेढले जाते, ते याच कारणाने. शिवाय वाळूच्या उपशामुळे तळाशी पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालताना एका पावलाने गळाभर पाणी लागते.

घाटांवरही सावध असावे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीच्या वेळी कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले. पावसाळी दिवसांत नव्या-जुन्या भिंतींच्या आडोशाला मुलांना बसवू नये. पायऱ्यांवर शेवाळ असते. तेथे आईने कपडे धुणे आणि मूल सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करू नयेत. घरातील एकाने स्नान करावे, तोवर दुसऱ्याने मुलाचा हात सोडू नये.

'मग स्नानाचे पुण्य?' असे कोणी विचारील. स्मृतिकारांनी स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत : मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पाण्यात बुडी मारणे हे त्यांतील एक, वारुण. मंत्राने अभिमंत्रित जलाचे प्रोक्षण ते मांत्र, मृत्तिकेचे ते भौम, भस्माचे ते आग्नेय, गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीचे ते वायव्य, उन्हात पडणाऱ्या पावसाचे ते दिव्य, आणि भगवंताच्या चिंतनाचे ते मानस. ज्यांना जलात उतरणे शक्य नाही अशांसाठीच ही सोय केली आहे. बालकाहून अधिक अशक्त कोण? तांब्यात चंद्रभागेचे पाणी घ्यावे, काठावर मांडीवर बसवून त्याच्या मस्तकावर चार थेंब शिंपडावेत, आणि 'विठ्ठल' म्हणावयास शिकवावे. हे स्नान उणे नाही. नवस बोलला असेल तर तोही याने फिटतो, असे समजण्यास शास्त्राची आडकाठी नाही.

दुसरा प्रश्न गर्दीचा. एकादशीच्या दिवशी महाद्वार घाटापासून मंदिरापर्यंतची वाट माणसांनी फुललेली असते. त्या दिवशी लहान मुलांना वाळवंटात नेणे टाळता आले तर टाळावे. न्यावेच लागले तर मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवावी. तीवर आईबापांची नावे, गाव, दूरध्वनी क्रमांक आणि दिंडीत असाल तर दिंडीचा क्रमांक लिहावा. वारीत प्रत्येकजण प्रत्येकाला 'माउली' म्हणतो. ही तेथील गोडी खरीच. पण हरवलेले पोर 'आई' म्हणून हाक मारू लागले तर त्या हाकेला ओ देणाऱ्या माउल्या हजार, आणि जिला ती हाक आहे ती एक. म्हणून आईचे नुसते 'आई' हे नाव पुरत नाही. तिचे पूर्ण नाव मुलाला पाठ हवे. चुकामूक झाली तर जागेवरच थांबावे, पोलिसाकडे किंवा लेकुरवाळ्या बाईकडे जावे, हेही घरूनच शिकवून आणावे.

ज्यांना केवळ मुलांना पंढरी दाखवावयाची आहे त्यांनी मार्गशीर्षाचा विचार करावा. या महिन्यात देव विष्णुपदावर वास करतो अशी श्रद्धा आहे. गावाच्या दक्षिणेस, नदीपात्रातील त्या मंदिरात शिळेवर कृष्णाची व गाईंची पावले दाखवितात. कृष्णाने सवंगड्यांसह येथे भोजन केले, या कथेस अनुसरून कुटुंबे शिदोरी घेऊन वनभोजनास येतात. मुलांना तीर्थाची ओळख भुकेच्या वेळी, भाकरीच्या वासासह झालेली अधिक टिकते. जवळच गोपाळपुरी जनाबाईचे जाते आहे. जाते म्हणजे काय, हे आजच्या पोरांना तेथेच दाखवावे. होडीत बसावयाचे असेल तर नावाड्याचे ऐकावे. तो सांगेल तितकीच माणसे होडीत असावीत आणि मुलाने काठावरून हात पाण्यात सोडू नये. येथील महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या या नदीवर आहेत, पुंडलिकाच्या मंदिराची पूजाही त्यांच्याकडेच आहे. नदीचा कौल त्यांना आपल्याआधी कळतो.

मंदिरात शिरताना नामदेव पायरीपाशी क्षणभर थांबावे. बाळ नामदेवाने देवापुढे नैवेद्य ठेवला आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरला, ही कथा मुलाला तेथे सांगावी. समोरच चोखोबांची समाधी आहे. १९४७ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी हे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, हे थोड्या मोठ्या मुलाला सांगण्यासारखे आहे. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास मूल रडत असेल तर मुखदर्शन घ्यावे. कंटाळलेल्या बालकाला दर्शनाचे स्मरण राहत नाही, कंटाळ्याचे राहते.

अखेर या क्षेत्राचे मूळच पाहावे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. साक्षात भगवंत दारी आला, तर त्याने वीट पुढे केली आणि थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, निघून गेला नाही; कटीवर कर ठेवून उभा राहिला. त्या दिवशी मुलाने आईबापांसाठी देवाला थांबविले. आज आईबापांनी मुलासाठी थांबविले तर तो थांबणार नाही काय? मूल दमले, भुकेले, पाण्याला भ्याले, तर बुडी राहू द्यावी, रांग सोडावी, पुढच्या वर्षी यावे. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव आणखी एक वर्ष उभा राहील. नदी मात्र कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा भाविकहो, लेकरांना पंढरीस अवश्य आणा. त्यांच्या कपाळी बुक्का लावा, हाती चिमुकले टाळ द्या, चुरमुऱ्यांचा प्रसाद द्या. आणि वाळवंटात असाल तोवर त्यांचा हात आपल्या हातातून सुटू देऊ नका. तेवढी सेवा पांडुरंगाचरणी रुजू होईल.