जिवाणू खताचा व्यापार : पाकिटातला माल जिवंत असतो

बोरी आणि जिंतूर तालुक्यातील खेड्यांत मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांवर बियाण्याबरोबर जिवाणू खताचीही मागणी होते. युरियाची गोणी वर्षभर पडून राहिली तरी चालते. जिवाणू खताचे तसे नाही. तो जिवंत माल आहे आणि उन्हाने मरतो. मेलेले पाकीट दिसायला जिवंत पाकिटासारखेच असते, म्हणून दुकानदाराने हा माल ओळखून घ्यावा.

रायझोबियम जिवाणू सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला देतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. मात्र सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. पाकिटावरील पिकाचे नाव पाहूनच माल द्यावा.

हवामानाचेही तसेच आहे. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी डोंगराळ मातीतून ४ अंश सेल्सियसच्या थंडीतही वाढणारे जिवाणू शोधले. ते गव्हाच्या बियाण्याला लावले असता थंडीतही रोपांची वाढ सुधारली. पहाडी शेतीला हे वरदानच. पण परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा आपल्या भागाला मानवणारेच जिवाणू घ्यावेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी खते तयार होतात.

खरेदी करताना उत्पादनाची व मुदतीची तारीख पाहावी. भुकटीच्या पाकिटाची मुदत साधारण सहा महिने असते. माल पत्र्याखाली किंवा रासायनिक खताच्या थप्पीजवळ ठेवू नये. सावलीत, थंड जागी ठेवावा. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, म्हणून पक्के बिल घ्यावे आणि द्यावे.

गिऱ्हाईकाला वापरही सांगावा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे ३० किलोला तीन पाकिटे. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एखादे रोप मातीसकट उपटून गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामाला लागले असे समजावे. मुळावर गाठीच नसतील, तर शेतकऱ्याचा हंगाम निघून गेलेला असतो आणि पुढच्या मृगाला तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो.