स्वस्त संगीत, महाग वेळ

१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा श्रोत्याला दर आठवड्यास एकच नवे गीत मिळत असे. छप्पन्न गीतांचा क्रम माडगूळकर-फडके यांच्या हाती; श्रोत्याच्या हाती फक्त वाट पाहणे. आज ती सारी गीते हव्या त्या क्रमाने क्षणात ऐकता येतात. संगीत इतके सुलभ पूर्वी कधीच नव्हते. तथापि एखादा संगीतसंग्रह आरंभापासून शेवटपर्यंत ऐकण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. यात नेमके काय गमावले जाते, हे भिन्न परंपरांतील तीन अल्बम सलग ऐकले म्हणजे ध्यानात येते.

पहिला १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या संतूर, बासरी व गिटार या वाद्यांतून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस उलगडतो. आरंभी अहीर भैरवाची सकाळ, पुढे पिलू, भूप, देस आणि अखेरीस पहाडी. येथे रागांचा क्रम हाच कथेचा कणा आहे. पहाडी तेवढा वेचून ऐकला तर गोडच लागतो. परंतु दिवसभराच्या वाटचालीनंतरची विश्रांती त्यात सापडत नाही.

दुसरा माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९ चा. येथील जाझ वादक मोजक्या स्वरपंक्तींवर दीर्घकाळ रेंगाळतात. रागसंगीतावर पोसलेल्या कानाला ही स्थिरता परकी वाटत नाही. शेवटच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’ या रचनेत पाच स्वरपंक्ती आहेत आणि प्रत्येकीवर किती थांबावे, हे वादकाने ठरवायचे. प्रथम ऐकताना येथे काही घडतच नाही असे वाटते. अगोदरच्या चार रचना कानात मुरल्या म्हणजे मात्र तीच सर्वांत भरीव ठरते.

तिसरा ग्लेन गूल्डचा. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्याने १९५५ मध्ये न्यू यॉर्कच्या एका स्टुडिओत वाजविली; ‘काइंड ऑफ ब्लू’ चे ध्वनिमुद्रणही तेथेच झाले. त्याच जागी १९८१ मध्ये त्याने ती पुन्हा वाजविली. पहिले वादन सुमारे ३८ मिनिटांचे, दुसरे सुमारे ५१ मिनिटांचे. एक धून, तिची तीस रूपांतरे आणि अखेरीस पुन्हा तीच धून. सलग ऐकणाऱ्याला ती घरी परतल्यासारखी वाटते. मधला प्रवास टाळणाऱ्याला ती निव्वळ पुनरुक्ती.

ज्या मापाने मोबदला मिळतो त्या मापाचा माल तयार होतो, हा बाजाराचा साधा नियम आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेत गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले असे धरले जाते. मग संगीतकाराने पहिल्या अर्ध्या मिनिटातच श्रोत्याला पकडू पाहिले, तर दोष कोणाचा? उशिरा उमलणाऱ्या रचनेला हा हिशेब मानवणारा नाही.

अर्थात जुने ते सारे सोने, असे नव्हे. एल.पी.च्या एका बाजूची वीसेक मिनिटे ही देखील तंत्राचीच मर्यादा होती. त्यापूर्वी अब्दुल करीम खाँसाहेबांना सुमारे तीन मिनिटांत राग मांडावा लागला आणि त्यांनी तो मांडलाही. शिवाय एल.पी. विकत घेणे सामान्य नोकरदाराला जड जाई. आज तालुक्याच्या गावातील विद्यार्थी बाख ऐकू शकतो, हा लाभ लहान नाही.

परंतु त्या महागाईचा एक अनपेक्षित उपयोग होता. पैसे मोजले आहेत म्हणून नावडती बाजूही पुन्हा लावली जाई आणि कित्येकदा तीच पुढे आवडू लागे. किमतीने आपसूक शिकविलेला तो धीर आता श्रोत्याला स्वेच्छेने आणावा लागेल. पैशाची अडचण बव्हंशी सरली. टंचाई उरली ती वेळेची. महिन्यातून एका संध्याकाळी चाळीस मिनिटे दुसऱ्याने लावलेला क्रम न मोडता ऐकणे, एवढीच आता अभिजात संगीताची खरी किंमत आहे. ती नोकरदाराला परवडेल आणि विद्यार्थ्यालाही; मात्र ती ज्याची त्यालाच मोजावी लागेल.