जुन्या गाडीचे हादरे आणि सुट्या भागांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले, "सस्पेन्शन गेले, सगळेच बदला." खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकून टाकावी असे वाटले. दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवून पाहिली, तर झिजले होते ते फक्त रबराचे दोन बुश! मग नेमके काय बिघडले हे कसे ओळखायचे? त्यासाठी प्रत्येक भागाचे काम पाहू. (सस्पेन्शनला 'निलंबन' म्हटले तर शिक्षकांच्या पोटात गोळा येईल, म्हणून रूढ शब्दच वापरू.)

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या चाकांना 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर (गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप') एकत्र उभे बसवलेले असतात. खालचा लोअर आर्म चाकाच्या बाजूला बॉल जॉइंटने आणि गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशने जोडलेला असतो.

चाक उसळले की स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते. पण ती ऊर्जा ती लगेच परतही देते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी डोलतच राहील. शॉकअपमधील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. वर्गात स्प्रिंगला वजन टांगून आंदोलने मोजा. मग वजन पाण्यात आणि नंतर गोडेतेलात बुडवून मोजा. शॉकअपचे काम मुलांना लगेच कळेल.

आता गाडी तपासू. बॉनेटचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर तो गेला. सपाट जागेवर गाडी एका बाजूला बसलेली दिसली, तर स्प्रिंगबद्दल शंका घ्यावी. छोट्या खड्ड्यांत खडखड होत असेल, तर आधी बुश व बॉल जॉइंट पाहावेत.

खरेदीसाठी पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचे कुर्ला अनेकांना ठाऊक आहे. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारे काही कारखाने तोच भाग स्वतःच्या वेष्टनात विकतात. तो बहुधा स्वस्त पडतो. भंगारातला लोअर आर्म वाकलेला, तडकलेला किंवा गंजलेला नसेल, तर नवे बुश घालून चालू शकतो. शॉकअप मात्र जुना घेऊ नये, कारण आतले सील किती झिजले ते बाहेरून दिसत नाही. तो डाव्या-उजव्या जोडीनेच बदलावा. रबर न वापरताही हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे कडक होऊन तडकते. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला बुश 'नवा' नव्हे. बसलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळा बसवण्याचा उपाय स्वस्त असतो. पण त्यामुळे काम करणारी वेटोळी कमी होतात, स्प्रिंग ताठर बनते आणि हादरे वाढतात.

दोन ठिकाणी मात्र काटकसर नको. बॉल जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचे चाक आडवे होते. तो नवा आणि खात्रीचाच हवा. दुसरे, स्ट्रटमधील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. योग्य शिकंजा न लावता वरचा नट सोडला, तर साठलेली ऊर्जा एका क्षणात मोकळी होऊन माणूस गंभीर जखमी होऊ शकतो. हे काम घरी करू नये.

आमचे काम दोन बुशांवर भागले. आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न: स्प्रिंगची निम्मी वेटोळी कापली, तर तिचा बल-स्थिरांक किती पट होईल?