४० लाख डॉलरमधली दुसरी दुनिया

अद्भुतपटातली दुसरी दुनिया उभी करायची तर पैसा पाण्यासारखा ओतावा लागतो, असा समज पक्का रुजला आहे. २००५चा 'मिररमास्क' हा समज खोडून काढतो. जिम हेन्सन कंपनीच्या १९८६मधल्या 'लॅबिरिंथ'वर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले होते. त्याच वळणाच्या या चित्रपटासाठी कंपनीकडे अवघे ४० लाख होते. तरीही त्यातले जग खरे वाटते, कारण त्याचे नियमच हाताशी असलेल्या साधनांतून घडवले आहेत.

नील गेमन यांची पटकथा, डेव्ह मकीन यांचे दिग्दर्शन. सर्कस चालवणाऱ्या कुटुंबातली हेलेना आईशी भांडते, आई आजारी पडते आणि अपराधी वाटणारी मुलगी एका विचित्र नगरीत पोहोचते. ही नगरी तिने स्वतःच भिंतीवर लावलेल्या चित्रांची आहे, आणि सगळी मेख इथेच आहे. मकीन मुळात चित्रकार. 'सँडमन' कॉमिकच्या ७५ही अंकांची मुखपृष्ठे त्यांची. निळ्या पडद्यापुढे चित्रीकरण करून त्यांनी नगरी संगणकावर रचली. ती हुबेहूब वास्तव दिसत नाही, पण एका मुलीच्या चित्रांतले जग तसे दिसावे तरी का? तिथले लोक मुखवटे घालतात. त्यामुळे चेहऱ्यांवरचे बारीक भाव संगणकावर घडवण्याचा खटाटोप वाचतो आणि उघड्या चेहऱ्याची हेलेना आपसूक परकी ठरते. आई, प्रकाशाची राणी आणि सावल्यांची राणी या तिन्ही भूमिका जिना मकी यांच्याच. त्यातून मुलीच्या मनात दुभंगलेली आई थेट दिसते.

कथानक विस्कळीत आहे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. पण ती उणीव पटकथेची आहे. ती पैशाने भरून निघत नाही. तिकीटबारीवर चित्रपटाचा खर्चही वसूल झाला नाही, हेही खरे. मात्र तो मोजक्याच पडद्यांवर झळकला होता. त्या आकड्यांवरून त्याच्या कल्पकतेची किंमत ठरत नाही. सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: टंचाईचे गोडवे गायले की कलावंतांना राबवून घ्यायला निर्मात्यांना निमित्त मिळते. म्हणूनच श्रेय टंचाईला देता कामा नये. तुटपुंज्या पैशात महागड्या चित्रपटाची नक्कल केली तर ती केविलवाणीच होते. श्रेय आहे ते कथा लिहितानाच साधनांचा विचार करण्याला. हा विचार चित्रीकरणानंतर सुचून उपयोगाचा नाही, मग खर्चाचा आकडा कितीही मोठा असो.