१६ मिलिसेकंदांचा हिशोब

गेम प्रोग्रामरच्या टेबलावर भारी कॉम्प्युटर असतो. पण आमचा निकाल लागतो तो त्याला केबलनं जोडलेल्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर. आपल्याकडे बहुतेक लोक गेम खेळतात ते अशाच फोनवर.

सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बोटाचा स्पर्श वाचायचा, कोण कुणावर आदळलं ते ठरवायचं, शत्रूला हलवायचं आणि सगळं चित्र नव्यानं काढायचं. प्रोफायलर या मोजमापाच्या टूलवर या वेळेचा आलेख सरकत असतो. परवा त्यात अधूनमधून एक सुळका उठायचा आणि त्याच क्षणी खेळ अडखळायचा. माग काढत गेलो तर कोपऱ्यातला स्कोअर सापडला. आकडा बदललेला नसतानाही त्याची स्ट्रिंग दर फ्रेमला नव्यानं बनत होती. गोळ्यांचंही तेच: सुटली की नवी, लागली की टाकून दिली. मेमरीत असा कचरा साचला की युनिटी हे गेम इंजिन खेळ थांबवून तो आवरतं. मग आकडा बदलला तरच मजकूर बदलायचा अशी अट घातली, गोळ्या सुरुवातीलाच बनवून पुन्हा पुन्हा वापरल्या. सुळके गेले. हे काम खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही, आणि मला ते सगळ्यात प्रिय आहे.

सगळंच मात्र प्रोफायलरवर दिसत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावर क्षणभरानं उडीचं बटण दाबलं, तर नियमानं पात्र पडायला हवं. खेळणाऱ्याला मात्र वाटतं, मी वेळेत दाबलं होतं. म्हणून ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममध्ये पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मारू दिली जाते. या सवलतीला कोयोटी टाइम म्हणतात. ती किती द्यायची, हे शेवटी खेळून खेळून हातालाच कळतं.

या कामात येणाऱ्या नव्या मुलांना आधी दुसऱ्यांचे बग सोडवायला मिळतात, आणि ते योग्यच आहे. कोड वाचायची सवय तिथंच लागते. रिलीजच्या आधी रात्र रात्र बसवून घेण्याची पद्धत मात्र मला मुळीच मान्य नाही. थकलेला माणूस एक बग काढतो आणि दोन घालतो.

गणिताची भीती अनेकांना असते. खरं तर बारावीचे सदिश पक्के असले तरी बरंच काम भागतं. पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा आणि त्याच्यापासून नायकाकडे जाणारी दिशा यांचा अदिश गुणाकार ऋण आला, की नायक त्याच्या पाठीमागे आहे. गुणाकाराच्या त्या एका ओळीवर पहारेकऱ्याची नजर चुकवण्याचा सगळा खेळ उभा राहतो.